बाबा म्हणतात, पुन्हा कोपऱ्यात कशाला?

ताई,

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्यातली. शिकागोत पत्रकारितेत एम.ए. केलं. आता इथल्याच एका छोट्या, देणग्यांवर चालणाऱ्या न्यूजरूममधून ऑफर आली आहे. ही न्यूजरूम कृष्णवर्णीय वाचकांसाठी चालते आणि तीन-चार जण सोडले तर सगळे पत्रकारही कृष्णवर्णीय आहेत. बीट साउथ साइडचं, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांचं: घरं, भाडी, पाणी, महापालिका. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘आम्ही जन्मभर एका कोपऱ्यातून बाहेर पडायला झटलो आणि तू आपण होऊन दुसऱ्यांच्या कोपऱ्यात चाललीस. मोठ्या पेपरची वाट बघ.’ न्यू जर्सीची मावशी जे बोलते ते लिहायलाही लाज वाटते. मला स्वतःला दोन भीती आहेत. मी त्यांच्यातली नाही, मग लोक माझ्याशी का बोलतील? आणि एकदा ही पाटी लागली की पुढे कुणी मला निःपक्षपाती म्हणेल का? मुलाखतीत मी बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’बद्दल बोलले, ते त्यांना फार आवडलं. पण तेवढ्यावर मी तिथे टिकेन का?

— आर., शिकागो

प्रिय आर.,

ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगंवर येते. नोकरी घे. आता बाकीचं सावकाश बोलू.

आधी बाबांचं, कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच बोचतंय. त्यांचं दुखणं खरं आहे. ‘राखीव’ म्हणून ज्यांच्याकडे आयुष्यभर तिरक्या नजरेने पाहिलं गेलं, त्यांना पाटीची भीती वाटणारच. पण तो कोपरा तिथल्या लोकांनी हौसेने मागून घेतलेला नव्हता.

सप्टेंबर १९५५, मिसिसिपीतलं समनर गाव. शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा मुलगा सुट्टीत नातेवाइकांकडे गेला होता, त्याचा खून झाला आणि दोन गोऱ्या माणसांवर खटला उभा राहिला. देशभरचे वार्ताहर गोळा झाले. गोऱ्या वार्ताहरांना पुढे जागा मिळाली. कृष्णवर्णीय वार्ताहरांना बाजूला पत्ते खेळायला घेतात तेवढं एक टेबल दिलं गेलं. त्याच टेबलाशी मुलाची आई बसत असे आणि मिशिगनहून आलेले खासदार चार्ल्स डिग्जही. त्या टेबलावरचे लोक दिवसा कोर्टाच्या नोंदी घेत आणि रात्री, नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांबरोबर, मळ्यांवरच्या मजुरांकडे जाऊन साक्षीदार शोधत. तोंड उघडायला घाबरलेले लोक त्यांच्याशी बोलले, म्हणून साक्षीदार कोर्टात उभे राहिले. ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडून दिलं, ते वेगळं. आणि त्या मुलाच्या विद्रूप चेहऱ्याचा फोटो, जो जगाने बघावा असा त्याच्या आईचा हट्ट होता, तो छापला शिकागोच्याच ‘जेट’ या साप्ताहिकाने. मोठ्या गोऱ्या दैनिकांनी छापला नाही.

त्या टेबलावर एल. ॲलेक्स विल्सन नावाचा उंचापुरा माणूस होता, पूर्वी मरीन्समध्ये असलेला. दोन वर्षांनी, २३ सप्टेंबर १९५७ला, तो आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलबाहेर होता. नऊ कृष्णवर्णीय मुलं पहिल्यांदा त्या शाळेत पाऊल ठेवणार होती. जमाव चार कृष्णवर्णीय पत्रकारांवर तुटून पडला. बाकीचे पळाले, विल्सन पळाला नाही. लाथा बसल्या, डोक्यात वीट बसली. प्रत्येक वेळी तो खाली पडलेली हॅट उचलायचा, तिची घडी नीट करायचा आणि चालायला लागायचा. जमावाचं लक्ष त्याच्यावर असताना मुलं बाजूच्या दाराने आत गेली. १९६०मध्ये तो गेला, पन्नाशी-बावन्नच्या आसपास असेल. फोटो शोधून बघ, आणि बाबांनाही पाठव.

मोठ्या पेपरांचं म्हणशील, तर १९६५मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’कडे त्या वस्तीत पाठवायला एकही कृष्णवर्णीय बातमीदार नव्हता. मग जाहिरात विभागात निरोप्याचं काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या रॉबर्ट रिचर्डसनला पाठवलं. तो फोनवरून बातम्या द्यायचा. त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. १९६८मध्ये, दंगलींची कारणं शोधायला सरकारनेच नेमलेल्या कर्नर आयोगाने लिहून ठेवलं की संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी आहेत आणि संपादक-पर्यवेक्षकांत एक टक्क्याहूनही कमी. त्यानंतर मोठ्या पेपरांनी भरती सुरू केली आणि माणसं कुठून उचलली? बरीचशी याच छोट्या पेपरांतून, जास्त पगार देऊन. तेव्हा ‘मोठ्या पेपरची वाट बघ’ या सल्ल्यातला क्रम तपासून घ्यायला हवा. महापालिकेच्या बैठकांना बसून, ब्लॉक-ब्लॉकवर फिरून दोन वर्षांत तू जे शिकशील, ते मोठ्या पेपरच्या वेबडेस्कवर रात्रपाळीत मथळे बदलून मिळणार नाही. हे मी बातमीदारीत केस पिकवून सांगतेय.

‘मूकनायक’बद्दल मुलाखतीत बोललीस ते छान केलंस. आता सहा महिने तो विषय काढू नकोस.

रागावू नकोस. नातं खरंच आहे. जोतीरावांनी १८७३मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. द्यू बॉइस स्वतः ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक राहिलेले. १९७२मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली ती नावासकट तिकडून प्रेरणा घेऊन. ‘मूकनायक’ची साधी जाहिरातही ‘केसरी’ने पैसे देऊ केले असताना छापली नव्हती, हे तुझ्या बाबांना पाठ असेल. आणि त्याच्या सुमारे त्र्याण्णव वर्षं आधी, १६ मार्च १८२७ला न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ निघालं तेव्हा सॅम्युअल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी पहिल्याच अंकात सांगितलं होतं की आमची बाजू आता आम्हीच मांडणार, फार काळ दुसरे आमच्या वतीने बोलले. हे सगळं वाचून आपल्याला भरून येतं. पण साउथ साइडच्या ज्या आजींच्या दारात तू उभी राहशील, त्यांना त्याचं काय? त्यांच्या नळाचं पाणी प्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

आणि तो खरा प्रश्न आहे. शिकागोत घरापर्यंत पाणी आणणाऱ्या शिशाच्या नळजोडण्या अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहेत, चार लाखांच्या घरात. कारण १९८६मध्ये केंद्राने बंदी घालेपर्यंत शहराच्या नियमातच शिशाचा पाइप लावायची सक्ती होती. यावर ‘शहराचं पाणी विषारी’ अशी बातमी कुणीही लिहील. तुझ्या न्यूजरूमची बातमी वेगळी असायला हवी: या ब्लॉकवर कुठल्या घरांना शिशाचा पाइप आहे, बदलून मिळण्यासाठी अर्ज कुठे करायचा, भाडेकरूने अर्ज करायचा की मालकाने, मालक नाही म्हणाला तर काय, आणि गेल्या वर्षी पाइप बदललेल्या पत्त्यांची यादी नकाशावर टाकली तर शहराचा कुठला भाग भरलेला दिसतो. ती यादी माहिती कायद्याखाली माग. आपल्याकडे माहिती अधिकारात तीस दिवस थांबावं लागतं, इलिनॉयमध्ये पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर आणखी पाच वाढवून घेतात. नागपुरात अर्ज-अपील करून ज्याचे जोडे झिजलेत, त्याला हे स्वर्गासारखंच वाटेल.

आता ‘मी त्यांच्यातली नाही.’ नाहीच आहेस. ते झाकायची खटपट करू नकोस. आजी तुझ्याकडे बघतील तेव्हा त्यांना आधी बहुधा गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचा मालक आठवेल. त्या भागातल्या बऱ्याच दुकानांचे आणि पेट्रोल पंपांचे मालक बाहेरचे असतात, आशियाई किंवा अरब. दिवसा गल्ला इथे आणि रात्री घर उपनगरात. त्या संशयाला इतिहास आहे. तुझ्याबद्दल तो वैयक्तिक नाही. ‘आम्हीसुद्धा भोगलंय’ हे वाक्य दारात उच्चारू नकोस. नाव सांग, पेपरचं नाव सांग, काय विचारायला आलीस ते सांग, आणि बातमी छापून आली की अंक किंवा प्रिंट घेऊन परत जा. बहुतेक पत्रकार परत जात नाहीत. कधी तरी त्याच आजी विचारतील की तू कुठली, तुमच्याकडे कसं असतं. तेव्हा इंदोऱ्याचं सांग, दीक्षाभूमीचं सांग, वाटेल तेवढं सांग.

न्यूजरूमच्या आतलीही एक गोष्ट आहे, जी नोकरीच्या पत्रात लिहिलेली नसते. पोलिसांच्या गोळीबाराचा नवा व्हिडिओ येतो, तेव्हा तो पुन्हा पुन्हा बघून वेळा नोंदवणं हे कुणाला तरी करावं लागतं. तुझ्या सहकाऱ्यांना त्या पडद्यावर आपला भाऊ दिसत असतो. त्या दिवशी न विचारता तो व्हिडिओ आपल्याकडे घे, टिपण तू कर. आणि त्याबद्दल नंतर कुठे पोस्ट टाकू नकोस. उलट बाजूने, पहिल्याच महिन्यात खून, ड्रग्ज, उपासमार अशा कल्पना घेऊन संपादकांकडे गेलीस तर ते तुला थंड नजरेने बघतील, आणि बरोबरच करतील. या पेपरांनी पहिल्यापासून लग्नं, चर्चचे कार्यक्रम, शाळांच्या मॅचेस, मृत्युलेख छापले, कारण मोठे पेपर त्या लोकांना फक्त गुन्ह्याच्या बातमीत आणत. दोन-चार मृत्युलेख मनापासून लिहून दे. वस्ती कळायला त्याहून चांगली शाळा नाही.

या पेपरांची पूजाही बांधू नकोस. शिकागोतच १९०५ साली रॉबर्ट ॲबट यांनी पंचवीस सेंटच्या भांडवलावर, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केला. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत गुपचूप पोचवायचे, आणि ते वाचून हजारो कुटुंबं उत्तरेला आली. थोर काम. पण त्याच पेपरात त्वचा उजळ करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती असायच्या, आणि खेड्यातून आलेल्यांनी शहरात कसं वागावं, रस्त्यावर मोठ्याने बोलू नये, गबाळं फिरू नये, अशा सूचनांच्या याद्याही. फेअरनेस क्रीमवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायला नको. सांगायचं एवढंच की त्या समाजात गरीब-श्रीमंत, जुने-नवे, चर्चवाले-बिनचर्चवाले सगळं आहे, आणि नगरसेवक कृष्णवर्णीय असला म्हणून त्याच्या फायली स्वच्छ असतात असंही नाही. त्याच्यावर बातमी करायची वेळ येईल. ती आधी संपादकांशी बोलून, कागद दुप्पट तपासून कर. पण कर.

म्हणजे निःपक्षपातीपणाकडे आलोच. १९५४मध्ये ‘डिफेंडर’च्या एथेल पेन यांनी अध्यक्ष आयझेनहॉवरना पत्रकार परिषदेत विचारलं की आंतरराज्य प्रवासातला वर्णभेद बंद करायला सरकार पाठिंबा देणार का. अध्यक्ष चिडले. कुठल्याही खास गटाच्या हितासाठी मी काही करणार नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं. पेन यांनी विचारला होता तो कायद्याचा प्रश्न, आणि तो करोडो प्रवाशांना लागू होता. पण विचारणारीचा रंग बघून तो ‘गटाचा’ ठरला. तुझ्याही बाबतीत असं होईल. त्यावर वाद घालून उपयोग नसतो. आयडा बी. वेल्स यांनी काय केलं ते बघ. १८९२मध्ये मेम्फिसला त्यांच्या ओळखीच्या तीन दुकानदारांना जमावाने मारलं. वेल्सनी झुंडबळींच्या एकेका प्रकरणाचा माग काढून लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्या गावाबाहेर असताना त्यांच्या पेपरची कचेरी उद्ध्वस्त केली गेली. परतलीस तर जीव जाईल, असे निरोप आले. मग त्या शिकागोला आल्या आणि १८९५च्या पुस्तिकेत झुंडबळींची आकडेवारी मांडली. ते आकडे त्यांनी मुद्दाम ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या दैनिकाच्या नोंदींतून घेतले. आमच्या पदरचं काही नाही, तुमच्याच दप्तरातलं वाचून दाखवतेय, असा तो सगळा कारभार. त्यांना पुलित्झरने गौरवलं ते २०२०मध्ये, मृत्यूनंतर एकोणनव्वद वर्षांनी. तू महापालिकेच्या पाइपांची यादी महापालिकेकडूनच घेशील, घरांचं मूल्यांकन कौंटीच्या कार्यालयातूनच काढशील, तेव्हा तुला कोण पक्षपाती म्हणतंय याची काळजी त्यांनी करावी.

उलट दिशेचा मोहही येईल. २०२१मध्ये शिकागोच्या तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट यांनी जाहीर केलं की पदाला दोन वर्षं झाल्याच्या निमित्ताने त्या स्वतंत्र मुलाखती फक्त गोरे नसलेल्या पत्रकारांनाच देतील. सिटी हॉलच्या वार्ताहरांत गोऱ्यांची गर्दी आहे, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ‘ट्रिब्यून’च्या एका लॅटिनो वार्ताहराला मुलाखत मिळाली होती. त्याने बाकीच्यांवरची अट काढा म्हणून सांगितलं, नकार आल्यावर मुलाखत रद्द केली. तू काय केलं असतंस? मी मुलाखत घेतली असती, आणि पहिला प्रश्न याच अटीवर विचारला असता. वार्ताहर कुणाला भेटायचं हे नेत्याने ठरवायचं नसतं, हे माझं मत. तुझ्या संपादकांचं वेगळं असू शकतं. त्यांना विचारून बघ. कामावर रुजू होण्याआधी संपादक कसा विचार करतात ते कळायला हा प्रश्न बरा आहे.

मावशींबद्दल फार जागा घालवत नाही. तू लिहिलं नाहीस तरी काय बोलत असतील ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांना एवढं सांग की भारतीयांना अमेरिकेचं दार सताड उघडलं ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा ज्या वाऱ्यात मंजूर झाला तो वारा नागरी हक्कांच्या चळवळीने आणला होता. ऐकलं तर ठीक, नाहीतर गणपतीत मोदक खायला जा आणि ये. सुरक्षिततेचं मात्र संपादकांनाच विचार: रात्रीच्या बैठकीनंतर घरी कसं जायचं, गाडी पेपर देतो का. कुठल्याही शहरातली बातमीदार हे विचारते.

खरी काळजी करायची तर पैशांची कर. ‘मूकनायक’ १९२३मध्ये बंद पडला. ‘डिफेंडर’चा छापील अंक २०१९च्या जुलैत थांबला. एकेकाळी ‘एबनी’ आणि ‘जेट’ काढणाऱ्या जॉन्सन पब्लिशिंगने त्याच वर्षी दिवाळं काढलं. अलीकडे उभ्या राहिलेल्या न्यूजरूम, २०१७ची शिकागोची ‘ट्राइब’ म्हण किंवा २०२२ची ‘कॅपिटल बी’ म्हण, या छापील अंकाशिवाय, ऑनलाइन चालतात. तुझी न्यूजरूम देणग्यांवर चालते. २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या हातून मारले गेल्यानंतर मोठ्या संस्थांनी हात सैल सोडले होते, तो उत्साह कायम राहत नसतो. म्हणून होकार कळवण्याआधी तीन गोष्टी विचार. हातात किती महिन्यांचा पैसा आहे? एकाच देणगीदाराकडून किती टक्के येतो? आणि तुझ्या पदाचा पगार कुठल्या ठरावीक मुदतीच्या अनुदानातून आहे का? हे विचारल्यावर कुणाला राग येत नाही. आलाच तर तेही कळलेलं बरं.

आणि व्हिसा, ज्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. पदवीनंतर विद्यार्थी-व्हिसावरच नोकरी करायची मुभा, म्हणजे ओपीटी, बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती चोवीस महिन्यांची वाढ पत्रकारितेच्या पदवीला सहसा मिळत नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन तुझ्या पदवीचा संकेतांक तपासून घे. संस्था ना-नफा आहे म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सुटका होते, असं मैत्रिणी सांगतील. विद्यापीठाशी जोडलेली किंवा स्वतः संशोधन संस्था असेल तरच होते, एरवी नाही. पत्रकारांचा म्हणून जो व्हिसा आहे, तो परदेशी माध्यमांसाठी काम करणाऱ्यांना असतो, अमेरिकन न्यूजरूमच्या नोकरीला तो चालत नाही. मार्चच्या लॉटरीत ही मंडळी तुझं नाव घालणार का, वकिलाची फी कोण भरणार, हे ईमेलवर लिहून घे आणि मग सही कर.